लिहिण्यातला ‘आवाज’ वर्गात शिकवता येतो का?

अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मुख्य विषय कुठलाही असो, इंजिनिअरिंग असो नाहीतर नृत्य, बहुतेक ठिकाणी एक कोर्स सुटत नाही. तो म्हणजे लेखनाचा. कुठे त्याला ‘फर्स्ट-इयर रायटिंग’ म्हणतात, कुठे नुसतं ‘कॉम्प’, म्हणजे ‘कॉम्पोझिशन’. इथून पदवीला गेलेली आणि तिकडेच मराठी घरांत वाढलेली, अशी दोन्हीकडची मुलं या कोर्सपाशी अडखळतात. व्याकरण बरं असतं, मुद्दे बरोबर असतात, तरी निबंध परत येतो तेव्हा समासात शिक्षकांनी लिहिलेलं असतं, ‘यात तुझा आवाज कुठे आहे?’ आता यावर नेमकं काय करायचं, कुठला शब्द बदलायचा, कुठली ओळ खोडायची, हे त्या शेऱ्यात कुठेच नसतं.

या प्रश्नावर तिथल्या शिक्षकांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आला आहे. तो इथे जमेल तितका सोपा करून सांगते. मी स्वतः मराठीत लेखनाचे वर्ग घेते, त्यामुळे उदाहरणं मराठीच देईन. माझं मतही आधीच सांगून टाकते. आवाज थेट शिकवता येत नाही, पण वाक्य शिकवता येतं. ज्या मुलाला एकाच पद्धतीचं वाक्य लिहिता येतं, त्याला ‘तुझ्या आवाजात लिही’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आधी शैली कशाला म्हणायचं आणि आवाज कशाला, ते पाहू. शैली म्हणजे लिहिताना भाषेत केलेल्या निवडी. कर्ता कोणाला करायचं, क्रियापद कोणतं घ्यायचं, वाक्य कुठे थांबवायचं, शेवटी काय ठेवायचं, शब्द घरातला घ्यायचा की कचेरीतला. या सगळ्या निवडी कागदावर बोट ठेवून दाखवता येतात. आवाज म्हणजे या निवडींमधून वाचणाऱ्याला जाणवणारा माणूस. त्याच्यावर बोट ठेवता येत नाही. एकच तक्रार तीन प्रकारे लिहून बघा.

‘विद्यार्थ्यांच्या गैरसोयीचा विचार न करता ग्रंथालयाच्या वेळेत कपात करण्यात आल्याने अभ्यासावर विपरीत परिणाम होत असल्याचे दिसून येते.’

‘कॉलेजने लायब्ररी रात्री दहाऐवजी संध्याकाळी सहालाच बंद करायला सुरुवात केली. ज्यांच्या घरी बसायला जागा नाही, ती मुलं आता कुठे जाणार?’

‘सहा वाजले की शिपाई दिवे घालवतो. आम्ही दोन खोल्यांत सहाजण राहतो. माझा अभ्यास त्या दिव्यांवर चालायचा. वेळ बदलताना आम्हाला कोणी विचारलंच नाही.’

पहिल्या वाक्यात एकही माणूस काही करत नाही. कपात कोणी केली? ‘करण्यात आली.’ परिणाम कोणाला दिसतो? ‘दिसून येतो.’ विचार, कपात, परिणाम या सगळ्या खरं तर क्रिया आहेत, पण त्यांची नामं करून टाकली आहेत आणि वाक्य उभं राहिलंय ते ‘येते’ या एका मरगळलेल्या क्रियापदावर. शिकागो विद्यापीठातले जोसेफ विल्यम्स यांनी हीच गोष्ट आयुष्यभर शिकवली. जो करतो त्याला कर्त्याच्या जागी बसवा, तो जे करतो ते क्रियापदात आणा. 1981 मध्ये आलेल्या त्यांच्या पाठ्यपुस्तकाचा गाभा हाच, आणि ते पुस्तक अजूनही कॉलेजांत वापरलं जातं. आपल्याला तर हे दुपटीने लागू पडतं, कारण शिकलेल्या माणसाची मराठी म्हणजे ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘कार्यवाही करण्यात यावी’ ही समजूत शाळेपासून आपल्या अंगात मुरलेली असते. मुलं असं लिहितात ती काही बुद्धी कमी म्हणून नव्हे. ज्यांना मान मिळतो ती माणसं असं लिहितात, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

म्हणून ‘करण्यात आले’ सरसकट वाईट, असंही नाही. ‘दोघांना अटक करण्यात आली’ या बातमीत अटक कोणी केली हे सगळ्यांना ठाऊक असतं, महत्त्व त्या दोघांना असतं. तिथे ती रचना चोख बसते.

तिसऱ्या उताऱ्यात वाक्यं आखूड आहेत, ‘मी’ आहे, ‘आम्ही’ आहे, आणि शेवटी ‘विचारलंच’ आहे. त्यातला ‘च’ काढून वाचा. ‘आम्हाला कोणी विचारलं नाही’ ही झाली माहिती. ‘विचारलंच नाही’ म्हटलं की राग आला. एका अक्षराचं काम आहे ते. हे मुलांना दाखवलं की त्यांना लगेच कळतं, कारण हा ‘च’ ती दिवसभर बोलण्यात वापरत असतात. निबंधात वापरायची परवानगी आहे हेच त्यांना माहीत नसतं.

यातला कोणता उतारा चांगला? प्राचार्यांना निवेदन द्यायचं तर बहुधा दुसरा, सभेत बोलायचं तर तिसरा. पहिला मला कुठेच नको वाटतो, पण एखाद्या अहवालात त्याची थोडी सुधारलेली आवृत्ती चालून जाईल. चांगला वर्ग तिसऱ्याला ‘खरा’ आणि बाकीच्यांना ‘खोटा’ म्हणत नाही. तो तिन्ही लिहायला लावतो.

लाल शाईपासून दहा मिनिटांपर्यंत

आता थोडं मागे जाऊ. हार्वर्डने 1870 च्या दशकात प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध आणला. चांगल्या घरांतली, चांगल्या शाळांतली मुलं त्यात धडपडली आणि विद्यापीठ हादरलं. 1885 पासून पहिल्या वर्षाला ‘इंग्लिश ए’ नावाचा लेखनाचा कोर्स सक्तीचा झाला. बघता बघता देशभरच्या कॉलेजांनी तो नमुना उचलला. पुढची अनेक दशकं या कोर्सचं मुख्य हत्यार लाल शाई हेच होतं. एका शिक्षकापुढे वह्यांचे ढीग, त्यात सगळ्यात चटकन काय दिसतं? स्पेलिंग, स्वल्पविराम, काळाच्या चुका. जे पटकन मोजता येतं तेच महत्त्वाचं ठरत गेलं, आणि चूक होऊ नये म्हणून मुलं अशी वाक्यं लिहायला लागली ज्यांत चुकण्यासारखं काही नव्हतं आणि वाचण्यासारखंही काही नव्हतं.

1963 मध्ये रिचर्ड ब्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या सगळ्या संशोधनाचा आढावा घेतला. व्याकरणाचे नियम सुटे शिकवल्याने लेखन सुधारतं असा पुरावा नाही, उलट खऱ्या लिहिण्याचा वेळ त्यात गेल्याने तोटाच होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिक्षकांच्या जगात याने खळबळ उडाली.

मग आली ‘आवाजा’ची लाट. वेस्टर्न मिशिगन विद्यापीठात शिकवणारे केन मॅक्रोरी यांनी 1970 मध्ये शाळा-कॉलेजातल्या त्या मेलेल्या, फुगवलेल्या इंग्रजीला ‘एंगफिश’ असं नाव दिलं. शिक्षकाला खूश करायला लिहिलेली, कोणीच कधी बोलत नाही अशी भाषा, असा त्याचा अर्थ. 1973 मध्ये लेखन शिकवणारे पीटर एल्बो यांनी ‘फ्रीरायटिंग’ घरोघरी पोचवलं. दहा मिनिटं लिहा, हात थांबवू नका, मागे वळून वाचू नका, खोडू नका, सुचत नसेल तर ‘सुचत नाही’ हेच लिहीत राहा. ही पद्धत एकट्या त्यांची नव्हे, पण त्यांच्यामुळे ती रूढ झाली. लिहिणं आणि तपासणं ही दोन कामं एकाच वेळी केली की दोन्ही बिघडतात, हा त्यामागचा विचार.

मी हा प्रयोग वर्गात नेहमी करते. पहिल्या चार-पाच ओळी जवळपास सगळ्यांच्या एकसारख्या येतात, ‘आजच्या धकाधकीच्या युगात’ वगैरे. मग ‘काय लिहू कळत नाही, हात दुखतोय, पंखा आवाज करतोय’ असं येतं. आणि त्यानंतर, पाचव्या-सहाव्या मिनिटाला, एखादी ओळ येते जी दुसऱ्या कोणाच्या वहीत असूच शकत नाही. एका मुलीने लिहिलं होतं, ‘बाबा पगाराच्या दिवशी लवकर येतात आणि त्या दिवशी ते चपला नीट काढून ठेवतात.’ अख्ख्या पानात हे एकच वाक्य उपयोगाचं होतं, पण होतं. ते वाक्य सापडावं म्हणून बाकीचं पान.

एल्बोंच्या बाजूने हे सगळं मान्य. पण दहा मिनिटांनंतर काय? चपलांचं वाक्य सापडलं, आता त्याच्या पुढेमागे काय आणि कसं ठेवायचं? इथे ही पद्धत मुलाला बरंचसं एकटं सोडते.

दुसऱ्या बाजूला उभे राहिले पिट्सबर्ग विद्यापीठाचे डेव्हिड बार्थोलोमी. 1985 च्या गाजलेल्या निबंधात त्यांनी म्हटलं की विद्यार्थी लिहायला बसतो तेव्हा त्याला दर वेळी विद्यापीठच नव्याने घडवावं लागतं. कधी इतिहासकाराच्या भाषेत बोलायचं, कधी मानववंशशास्त्रज्ञाच्या, आणि तेही ती भाषा पुरती येण्याआधी. थोडक्यात, मनात खोल कुठेतरी तयार आवाज दडलाय आणि तो फक्त बाहेर काढायचाय, हे त्यांना मान्य नव्हतं. आवाज बाहेरून, ज्या मंडळींत शिरायचंय त्यांच्याकडून घ्यावा लागतो. एल्बो आणि बार्थोलोमी जाहीर परिसंवादांत एकमेकांसमोर उभे राहिले आणि 1995 मध्ये हा वाद या क्षेत्रातल्या मुख्य नियतकालिकात छापून आला. आजही लेखन शिकवायला लागणाऱ्या नव्या शिक्षकांना तो वाचायला देतात.

मला विचाराल तर दोघांचंही निम्मं बरोबर. एल्बो म्हणतात तशी मुलाकडे सांगायची गोष्ट असते, आणि बार्थोलोमी म्हणतात तशी ती सांगायची रीत त्याला उसनी घ्यावीच लागते. मात्र या सगळ्या वादात वाक्य नावाची गोष्ट हळूहळू बाजूला पडली, आणि माझ्या मते खरं शिकवण्यासारखं तिथेच होतं.

पाच वाक्यांचा खेळ

वाक्यावर हात बसवण्याची परंपरा जुनी आहे. पहिल्या शतकात रोममध्ये वक्तृत्व शिकवणारे क्विंटिलियन मुलांना चांगल्या लेखकांचं अनुकरण करायला लावत. 1512 मध्ये इरॅस्मस या डच विद्वानाने ‘तुझ्या पत्राने मला फार आनंद झाला’ हे एकच लॅटिन वाक्य शंभराहून जास्त प्रकारांनी लिहून दाखवलं. त्यातले सगळे सुंदर नाहीत, काही तर चक्क ओढूनताणून आणलेले आहेत. पण एका गोष्टीचं एकच वाक्य असतं ही समजूत ते वाचल्यावर टिकत नाही, आणि हेतू तोच होता.

अमेरिकेत हा धागा 1963 मध्ये फ्रान्सिस क्रिस्टेन्सन यांनी उचलला. चांगल्या लेखकांचा गद्य मजकूर त्यांनी तपासला तेव्हा त्यांना दिसलं की मुख्य विधान आधी येतं आणि मग एकेक तपशील त्याला मागून जोडला जातो, कॅमेरा जवळ जवळ सरकावा तसा. पाठोपाठ आलं वाक्यजोडणीचं तंत्र. फ्रँक ओहेअर यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सातवीच्या मुलांना व्याकरणाची एकही संज्ञा न शिकवता फक्त छोटी वाक्यं जोडायला दिली होती. त्यांची वाक्यरचना तर सुधारलीच, शिवाय त्यांचे निबंध शिक्षकांना एकंदरीतच सरस वाटले. मग ओहायोतल्या मायामी विद्यापीठात डेकर, केरेक आणि मोरेनबर्ग यांनी हेच पहिल्या वर्षाच्या कॉलेज विद्यार्थ्यांवर करून पाहिलं आणि तिथेही फायदा दिसला.

हे कसं चालतं ते करूनच बघू. फळ्यावर पाच वाक्यं लिहायची.

आजी ओट्यापाशी उभी होती. तिच्या हातात पळी होती. पळीतून तेल ठिबकत होतं. ती दाराकडे बघत होती. दारात कोणी नव्हतं.

आता यांची एक किंवा दोन वाक्यं करा. एकजण लिहितो, ‘हातातल्या पळीतून तेल ठिबकत असताना आजी ओट्यापाशी उभी राहून रिकाम्या दाराकडे बघत होती.’ चूक काही नाही. पण मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे सगळं सामान त्याच्या आधी भरावं लागतं आणि ‘बघत होती’ला पोचेपर्यंत वाचणारा दमतो. शिवाय ‘रिकाम्या’ हा शब्द मध्येच येऊन जातो, दारात कोणी नसणं ही गोष्टीतली मुख्य घटना असूनसुद्धा.

दुसरी लिहिते, ‘आजी ओट्यापाशी उभी होती, हातात तेल ठिबकणारी पळी, नजर दाराकडे. दारात कोणी नव्हतं.’ इथे मुख्य विधान आधी आलं आणि तपशील मागून, क्रियापदांशिवाय. क्रिस्टेन्सनना इंग्रजीत जे दिसलं ते मराठीत करायचं तर ते असं, क्रियापदं गाळून. ‘दारात कोणी नव्हतं’ सुटं ठेवल्यामुळे त्याला वजन आलं.

तिसरा लिहितो, ‘दारात कोणी नव्हतं, तरी आजी पळी हातात धरून तिकडेच बघत उभी होती, तेल ठिबकत राहिलं.’ याने क्रमच उलटवला. रिकामं दार आधी दाखवलं, आता प्रश्न आजीचा झाला. आणि ‘ठिबकत होतं’चं त्याने ‘ठिबकत राहिलं’ केलं, म्हणजे वेळ जातोय आणि तिचं लक्ष नाही. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आता वर्गात बोलण्यासारखं काही आलं. कोणतं बरोबर हा प्रश्नच नाही, कारण तिन्ही बरोबर आहेत. कुठल्या वाक्यात कोणावर उजेड पडतो यावर बोलायचं. मुलं भांडतात, हिरिरीने भांडतात, आणि भांडताना जे शब्द वापरतात ते व्याकरणाच्या पुस्तकातले नसतात पण अचूक असतात. ‘इथे ती वाट बघतेय असं वाटतं, तिथे नुसती उभी आहे.’ ज्या मुलाने असं तीन महिने केलं, त्याच्या हाताशी निवडायला काहीतरी असतं. आवाज सापडतो तो त्यानंतर.

इतकं उपयोगी पडणारं तंत्र मग मागे का पडलं? रॉबर्ट कॉनर्स यांनी 2000 साली याच प्रश्नावर एक मोठा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की वाक्याचे सराव प्रयोगांत फसले म्हणून गेले नाहीत. 1980 नंतर विद्वानांची हवा बदलली. ‘सराव’, ‘अनुकरण’ हे शब्द यांत्रिक वाटू लागले, मुलांना साच्यात घालणारे वाटू लागले. आक्षेप अगदीच निराधार नव्हते. मायामीच्याच संशोधकांनी दोनेक वर्षांनी हा सराव केलेली आणि न केलेली मुलं पुन्हा तपासली तेव्हा दोन्ही गटांतला फरक उरला नव्हता, सराव न केलेल्यांनी बाकीच्यांना गाठलं होतं. काहींनी यावरून तंत्रालाच निकालात काढलं. मी त्याचा अर्थ वेगळा लावते. दोन वर्षांनी जे आपसूक यायचं ते एका सत्रात आलं, आणि पहिल्या वर्षाला नापास होऊन गळणाऱ्या मुलासाठी ही दोन वर्षं फार मोठी असतात.

कोणाचा आवाज?

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक विद्यापीठाने 1970 मध्ये शहरातल्या प्रत्येक हायस्कूल उत्तीर्ण मुलाला दारं उघडली. काळ्या, पोर्तोरिकन, स्थलांतरितांच्या घरांतली, पहिल्यांदाच कॉलेजात येणारी मुलं आली. त्यांचे निबंध वाचून पुष्कळ प्राध्यापकांनी डोक्याला हात लावला. सिटी कॉलेजातल्या मिना शॉनेसी यांनी मात्र असे सुमारे 4,000 निबंध बारकाईने वाचले आणि 1977 च्या पुस्तकात दाखवून दिलं की या चुका अंदाधुंद नसतात, त्यांच्यामागे तर्क असतो. आपलंच उदाहरण घ्या. मराठी मूल इंग्रजीत ‘यस्टरडे ओन्ली आय केम’ लिहितं तेव्हा ते ‘कालच आलो’मधला तो ‘च’ इंग्रजीत वाचवायची धडपड करत असतं. शिक्षकाला हे दिसलं तर तो चूक खोडण्याआधी विचारेल, ‘तुला इथे जोर द्यायचाय ना? मग इंग्रजीत जोर कसा देतात ते बघू.’

त्याआधीच, 1974 मध्ये, कॉलेजात लेखन शिकवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने ठराव केला होता की विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वतःच्या बोलीचा हक्क आहे. यावर केवढा गदारोळ झाला! नोकरी कोण देणार, हा पहिला प्रश्न होता. तो खोटा नव्हता. तेव्हापासून काही शिक्षक म्हणतात घरी एक आणि कॉलेजात एक अशा दोन भाषा शिकवा, काही म्हणतात दोन्ही एकाच लेखात मिसळू द्या. आपल्याकडे हा वाद परका नाही. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या मुलांना पुण्या-मुंबईच्या वर्गात ‘गावठी’ हा शब्द ऐकावा लागला आहे. घरी कोकणी आणि वहीत मराठी अशी गोव्यातली कितीतरी मुलं आहेत. ज्याची बोलीच वर्गात हसण्यावारी नेली जाते, त्याच्याकडून ‘आवाज’ मागायचा कुठल्या तोंडाने?

आणि चुका आपण वाचतो तरी कशा? कर्त्याला कर्त्याच्या जागी बसवा म्हणणाऱ्या त्याच जोसेफ विल्यम्स यांनी 1981 मध्ये चुकांवरच एक लेख लिहिला आणि त्यात मुद्दाम शंभरेक चुका पेरून ठेवल्या. लेख तज्ज्ञांच्या नियतकालिकात आला होता. शेवटी त्यांनीच सांगेपर्यंत बहुतेकांना त्या दिसल्या नव्हत्या. तोच मजकूर पहिल्या वर्षाच्या मुलाच्या नावाने आला असता तर पान लाल झालं असतं. आपण विद्यार्थ्याचं लिखाण वाचतो ते चूक शोधायला, आणि जे शोधतो ते सापडतंच.

आता या सगळ्यात यंत्र आलं. 2022 च्या अखेरीपासून चॅटजीपीटीसारखी साधनं मुलांच्या हातात आहेत, आणि निबंध यंत्राने लिहिलाय का हे सांगणारी दुसरी यंत्रं शिक्षकांच्या हातात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये असे सात डिटेक्टर तपासले. मातृभाषा इंग्रजी नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे 91 निबंध त्यांना दिले, तर सरासरी 61 टक्के निबंध यंत्राचे ठरवले गेले. अमेरिकन आठवीतल्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ अचूक ओळखले. कारण सरळ आहे. हे डिटेक्टर पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते मोजतात, आणि परक्या भाषेत जपून लिहिणारा माणूस अपेक्षित शब्दच वापरतो. शब्द आणि वाक्यं मोजकी असण्याची शिक्षा याआधी कमी मार्कांची होती, आता लबाडीच्या आरोपाची झाली. लिहिण्यात वैविध्य आणायला शिकवणं याच कारणाने आज पूर्वीपेक्षा जास्त निकडीचं आहे.

परदेशी प्रवेशासाठी ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ लिहिणारी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा हेच दिसतं. दहांपैकी निम्मे तरी ‘लहानपणापासून मला कम्प्युटरचं आकर्षण होतं’ने सुरू होतात. मी विचारते, पहिल्यांदा कम्प्युटर उघडून कधी बघितलास? एकजण म्हणाला, ‘मामाच्या सायबर कॅफेत, मशीन तापायची म्हणून तो साइडचं झाकण काढूनच ठेवायचा, मी पंख्यावरची धूळ ब्रशने झाडायचो.’ मग हे लिही ना! ‘असं चालतं?’ हा त्याचा प्रश्न होता. त्याला सांगायला शब्द होते, ते लिहायची मुभा आहे हे मात्र आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

शिक्षकाने करायचं तरी काय, तर पहिलं म्हणजे समासातला तो शेरा बदलायचा. ‘अस्पष्ट’, ‘आवाज नाही’ यातून मुलाला काही मिळत नाही. एल्बोंची सगळ्यात मोलाची सूचना मला ही वाटते की निकाल देऊ नका, वाचताना तुमचं काय झालं ते सांगा. ‘पहिल्या परिच्छेदात मी तुझ्या मामाला बघत होते, दुसऱ्यात तो गायब झाला आणि “तंत्रज्ञानाचे महत्त्व” आलं, तिथे माझं लक्ष उडालं.’ असा शेरा वाचून मूल कुठे हात घालायचा ते ओळखतं. दुसरं, मोठ्याने वाचायला लावायचं. जिथे जीभ अडते तिथे वाक्य बहुतेक वेळा बिघडलेलं असतं. तिसरं म्हणजे मार्क. पहिल्या खर्ड्यावर मार्क दिले की कोणी धोका पत्करत नाही. म्हणूनच 1980 च्या दशकात एल्बो आणि पॅट बेलनॉफ यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात सत्रभराच्या लिखाणातून निवडून, सुधारून दिलेल्या संचावर निकाल लावायची पद्धत आणली.

याला वेळ लागतो आणि माणसं लागतात. लेखन शिकवणाऱ्यांची अमेरिकेतली ती राष्ट्रीय संघटना सांगते की लेखनाच्या वर्गात 20 पेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत, 15 असले तर उत्तम. तिथेही हे सगळीकडे पाळलं जात नाही, आणि हे वर्ग बहुधा कंत्राटी किंवा शिकाऊ शिक्षकांच्या गळ्यात पडतात. आपल्याकडे भाषेच्या सक्तीच्या पेपराला शंभर-सव्वाशेचा वर्ग असतो आणि उपयोजित मराठीत पत्राचा मायना, इतिवृत्ताचा नमुना पाठ करून घेतला जातो. शंभर वह्या दर आठवड्याला वाचणं कोणालाच शक्य नाही, हे मी जाणते. पण पाच वाक्यांच्या खेळाला वह्या तपासाव्या लागत नाहीत, अभ्यास मंडळाची परवानगीही लागत नाही. फळ्यावर पाच वाक्यं लिहायची, चार-चारचे गट करायचे, प्रत्येक गटाने त्यांची दोन वेगळी वाक्यं बनवून उभं राहून वाचायची, आणि बाकीच्यांनी सांगायचं की कुठे कोणावर उजेड पडला. आठवड्यातला अर्धा तास पुरतो. पुढच्या आठवड्यात पाच वाक्यं शिक्षकाने देऊ नयेत, मुलांनी आपल्या घरातली आणावीत, आपल्या बोलीत.